लाकूडकामासाठी धुळीचा मास्क कुठला घ्यावा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यावर सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम शिकायला येणारी मंडळी, आणि घोडबंदर, ऐरोली, खारघरहून घरी स्टूल नाहीतर शू-रॅक बनवता बनवता फोन करणारे, सगळ्यांचे मास्कबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथे नंबर दिलाय.

१. ताई, लाकडाचा भुसाच तर आहे, केमिकल थोडीच आहे. मास्क खरंच लागतो का?

लागतो. रंध्यातून निघणारी साल आणि करवतीचा जाड भुसा खाली पडतो, त्याने फार तर शिंका येतात. त्रास असतो तो पॉलिश पेपर मारताना किंवा सँडर (घासायचं मशीन) फिरवताना उडणाऱ्या बारीक धुळीचा, जी खिडकीतून उन्हाची तिरीप आली तरच दिसते, एरवी हवा स्वच्छच वाटते. १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण बराच वेळ हवेत तरंगत राहतात आणि त्यातले अगदी बारीक असतात ते फुफ्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, १९९५ मधे लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा आहे असा गट. हा कॅन्सर मुख्यतः नाकाचा आणि सायनसचा, आणि वर्षानुवर्षं रोज धुळीत काम करणाऱ्यांमधे दिसलेला, त्यामुळे रविवारी दोन तास काम करणाऱ्याने घाबरून जायचं कारण नाही. पण सर्दीसारखं वाहणारं नाक, खोकला, अंगावर पुरळ, दमा हे सगळं त्याच्या खूप आधी सुरू होऊ शकतं आणि एखाद्या लाकडाची अ‍ॅलर्जी एकदा बसली की ती सहसा जात नाही.

२. रुमाल बांधला किंवा सर्जिकल मास्क लावला तर चालणार नाही का?

नाही. रुमाल, पंचा, ओढणी यातून बारीक धूळ सरळ आत जाते. सर्जिकल मास्कचं कापड त्या मानाने बरं असतं पण गालाकडून सगळा उघडा, आणि हवा नेहमी मोकळ्या जागेतूनच आत येणार. मेडिकलमधला पातळ कागदी डस्ट मास्क, एका रबराचा, तोही याच वर्गातला.

३. एन९५, केएन९५, एफएफपी२, पी१००... यातलं नक्की काय घ्यायचं?

ही वेगवेगळ्या देशांची मोजमापं आहेत. एन९५ अमेरिकेचं, साधारण ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९५ टक्के अडवणारं. केएन९५ हे चीनचं तसंच. युरोपचं एफएफपी१ म्हणजे ८० टक्के, एफएफपी२ म्हणजे ९४, एफएफपी३ म्हणजे ९९. आपल्याकडचं आयएस ९४७३ हे मानकसुद्धा एफएफपी१-२-३ असंच बोलतं. पी१०० म्हणजे ९९.९७ टक्के, तो बहुतेक वेळा रबरी मास्कला लावायच्या गुलाबी गोल फिल्टरमधे मिळतो. घरच्या लाकूडकामाला एन९५ किंवा एफएफपी२ पुरतो. एफएफपी१ मी कुणाला सांगत नाही.

४. मग सगळ्यात मोठ्या आकड्याचाच घेतो ना, पैसे गेले तरी चालतील?

इथेच बहुतेकांचं चुकतं. आकडा कापडाचा असतो, तुमच्या चेहऱ्यावर बसलेल्या मास्कचा नाही. नाकाशेजारी बारीकशी फट राहिली तर ९५ आणि ९९ मधला फरक त्या फटीतून निघून जातो. आणि मास्क टोचत असेल, दम लागत असेल, तर माणूस काय करतो, दहा मिनिटांनी तो हनुवटीवर ओढतो आणि काम चालू ठेवतो. हनुवटीवरचा एफएफपी३ शून्य टक्के धूळ अडवतो. म्हणून मी आरामाला चैन मानत नाही, तो मास्कच्या कामाचाच भाग आहे. तुम्ही विसरून जाल की तोंडावर काही आहे, असा एन९५ हा कपाळाला आठ्या पाडणाऱ्या महागड्या मास्कपेक्षा केव्हाही बरा.

निवडताना हे बघा की नाकाच्या हाडावर आतून फोमची पट्टी आहे का, श्वास घेताना मास्क आत ओढला जाऊन ओठांना चिकटतो का (चिकटत असेल तर घुमटासारखा कडक आकाराचा किंवा तीन घड्यांचा घ्या, त्यात तोंडापुढे जागा राहते), पट्टे केस ओढतात का, आणि बोलताना मास्क वरखाली सरकतो का. दुकानात आरशासमोर लावून मोठ्याने दोन वाक्यं बोला, मान खाली घालून बघा, कारण काम करताना मान खालीच असते.

५. मास्क नीट बसलाय की नाही हे कळणार कसं?

लावल्यावर दोन्ही तळहात मास्कवर हलकेच ठेवून जोरात श्वास सोडा. व्हॉल्व्ह (श्वास बाहेर सोडणारी झडप) असेल तर तो झाका. नाकाकडून डोळ्यांवर किंवा गालाकडून कानाकडे वारा लागला तर तिथे फट आहे. मग तसेच हात ठेवून श्वास आत घ्या, मास्क किंचित चेहऱ्याकडे ओढला गेला पाहिजे. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटीत दाबू नका, तिला मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना वाट राहते. दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी मधून बाहेरच्या दिशेला दाबत न्या. पट्टे दोन असतील तर वरचा डोक्याच्या मागे उंचावर आणि खालचा मानेवर, दोन्ही मानेवर घेणारे खूप बघितलेत.

खरी परीक्षा मात्र काम झाल्यावर. तासभर सँडिंग केल्यावर मास्क काढून आतली पांढरी बाजू उजेडात धरा. बसलेला असेल तर आतून पांढराच असतो. गळत असेल तर नाकाच्या कडेला नाहीतर हनुवटीच्या कोपऱ्यात भुरकट रेघ दिसते, कडेपासून आत येत येत फिकी होणारी, आणि सागवान असेल तर ती चांगली तपकिरी असते. नाकपुडीच्या कडेलाही तोच रंग लागलेला सापडेल. ही रेघ दिसली की तो मास्क तुमच्या चेहऱ्याचा नाही, दुसरा आकार बघा, पट्टे आवळून उपयोग नाही.

६. चष्म्यावर सारखी वाफ येते, करवतीपुढे धोकादायक वाटतं.

वाफ येते म्हणजे श्वास नाकाजवळून वर निघतोय, म्हणजेच तिथून धूळ आतही येऊ शकते, त्यामुळे आधी प्रश्न ५ मधली तपासणी करा. मास्क आधी, चष्मा किंवा गॉगल त्याच्यावर, आणि कानाचे मफ सगळ्यात शेवटी, हा क्रम ठेवा. एवढं करूनही वाफ आली तर व्हॉल्व्हवाला घ्या (प्रश्न ७). वाफ आलेल्या चष्म्याने टेबल सॉ चालवू नका, मशीन बंद करून पुसा.

७. कोविडच्या वेळी व्हॉल्व्हवाला वापरू नका सांगायचे, मग आता?

तेव्हा प्रश्न आपल्या श्वासातून दुसऱ्याला लागण होण्याचा होता, आणि व्हॉल्व्ह आपण सोडलेला श्वास न गाळता बाहेर टाकतो. धुळीसाठी ते बघायची गरज नाही, आत येणारी हवा फिल्टरमधूनच येते. उलट गरम दमट श्वास पटकन निघून जातो, आतला घाम कमी होतो. आपल्या हवेत लाकूडकामाला व्हॉल्व्हवालाच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

८. कानात अडकवायचा सोपा पडतो, डोक्यामागचे पट्टे केस ओढतात. काय करू?

डोक्यामागचेच घ्या. कानातला लूप दिवसभर कान ओढतो आणि तरीही मास्क चेहऱ्याला तेवढा घट्ट धरत नाही. पट्टे केस ओढत असतील तर बिनशिलाईचे, कापडाने मढवलेले रुंद पट्टे असलेला बघा, किंवा डोक्याला कॉटनचा स्कार्फ बांधून त्यावरून पट्टे घ्या, फक्त स्कार्फ मास्कच्या कडेखाली येऊ देऊ नका. कानातलाच हवा असेल तर मागे दोन्ही लूप जोडणारा हुक मिळतो, त्याने बऱ्यापैकी फरक पडतो.

९. माझा चेहरा लहान आहे, सगळे मास्क डोळ्यात जातात.

हा प्रश्न बायका जास्त विचारतात आणि मलाही हाच त्रास आहे. बाजारातला एकच साइझ बऱ्याचदा मोठ्या चेहऱ्याला धरून असतो. तीन घड्यांचा, म्हणजे वर-मधे-खाली अशा तीन पट्ट्या उघडणारा मास्क लहान चेहऱ्याला घुमटापेक्षा बरा बसतो, मला तोच बसतो. रबरी हाफ मास्कमधे तर स्मॉल, मिडियम, लार्ज असतात (थ्रीएमच्या ६००० सिरीजमधे ६१०० स्मॉल, ६२०० मिडियम, ६३०० लार्ज), दुकानदार मिडियमच पुढे करतो, तुम्ही स्मॉल मागून घ्या.

१०. दाढी आहे, काढायची नाहीये. काही उपाय?

मास्कची कड जिथे टेकते तिथे केस असतील तर तो बसत नाही, एन९५ असो की रबरी. दोन दिवसांची खुरटी दाढीसुद्धा फट ठेवते. मिशी मास्कच्या आत मावत असेल, हनुवटीवरची छोटी दाढी आत राहत असेल आणि गाल-जबडा साफ असेल तर चालतं. पूर्ण दाढी धर्मासाठी किंवा आवडीने ठेवली असेल तर बॅटरीवर चालणारा, कमरेच्या पंख्यातून गाळलेली हवा डोक्यावरच्या सैल हुडमधे सोडणारा प्रकार मिळतो. तो खूप महाग पडतो, पण रोज लेथवर काम करणाऱ्या दाढीवाल्यासाठी योग्य तोच. तोवर धूळ मुळातच कमी करा (प्रश्न १९).

११. रबरी हाफ मास्क घेऊ का? जड नाही होत?

आठवड्यातून एखाद्या वेळी काम असेल तर एन९५ पुरे. दर शनिवार-रविवार तासन् तास सँडिंग असेल तर रबरी मास्क स्वस्त पडतो, फिल्टर फक्त बदलायचे. हातात जड वाटतो पण वजन नीट वाटलं जातं, शिवाय फिल्टरचं क्षेत्रफळ मोठं असल्याने श्वास मोकळा येतो आणि रबराची कड सगळीकडून एकसारखी टेकते. सिलिकॉनचा घेतलात तर घामातही त्वचेला बरा वाटतो. धुळीसाठी जाड डबीसारखे कार्ट्रिज (ते वाफेसाठी, प्रश्न १५) लावू नका, पातळ गोल पी१०० फिल्टर लावा, ते हलके असतात आणि खाली बघताना आड येत नाहीत. तोटा एकच, बोललेलं समोरच्याला कळत नाही.

१२. मे महिन्यात गाळ्यात किंवा बाल्कनीत घामाने जीव जातो, मास्क टिकतच नाही तोंडावर.

ठाण्याचा उकाडा म्हणजे नुसती गरमी नाही, खाडीची दमट हवा, अंगावरचा घाम वाळतच नाही आणि ओला झालेला मास्क श्वासाला जड होतो. यावर मास्क बदलण्यापेक्षा कामाची वेळ बदला. मापं घेणं, जोड बसवणं, ग्लू लावणं याला मास्क नको, तेव्हा काढून ठेवा. सगळी घासाघाशी एकत्र करून सकाळी लवकर तास-दीड तासात उरका. दोन एन९५ फिरवा, एक ओला झाला की दुसरा. पंखा तोंडासमोर नको, पाठीमागून लावा म्हणजे धूळ खिडकीबाहेर जाईल. आणि सँडर बंद केला की लगेच मास्क काढू नका, हवेतली धूळ तेव्हाच सगळ्यात जास्त असते, बाहेर येऊन मग काढा.

१३. एक मास्क किती दिवस वापरायचा? धुवून चालेल?

एन९५ धुवायचा नाही. त्याच्या आतल्या धाग्यांवर स्थिर विजेचा भार असतो आणि बारीक कण त्यावर चिकटतात, पाणी, साबण, सॅनिटायझरने तो भार जातो आणि मास्क दिसायला तसाच राहतो. कंप्रेसरची हवा मारून झटकणं तर त्याहून वाईट, तिने जाळी फाटते. श्वास जड वाटायला लागला, आतून मळला, ओला होऊन वाळेना किंवा पट्टा सैल झाला की टाका. युरोपियन पद्धतीच्या मास्कवर एनआर छापलं असेल तर तो एका पाळीपुरता, आर असेल तर परत वापरता येणारा. रबरी मास्कचे पी१०० फिल्टर खूप टिकतात, श्वास जड झाला की बदला. त्याचा रबरी भाग मात्र फिल्टर काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने दर वापरानंतर धुवा, थिनर लावू नका.

१४. पावसाळ्यात ठेवायचा कसा? मागच्या वर्षी बुरशी आली.

पूर्ण वाळल्यावर झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून. खिळ्याला टांगून ठेवलेला मास्क रात्रभर आतल्या बाजूवर धूळ गोळा करतो आणि दुसऱ्या दिवशी तीच धूळ तुम्ही ओढता. बुरशी आलेला टाकून द्या.

१५. एन९५ लावूनही पॉलिशचा वास येतो. मास्क खोटा निघाला का?

नाही, मास्क ठीक आहे. धुळीचा मास्क कण अडवतो, वाफ अडवत नाही. थिनर, मेलामाइन, लॅकर, टर्पेंटाइनसाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज लागतं, ते फक्त रबरी मास्कला बसतं, आणि त्याच्यावर अमेरिकन पद्धतीत काळी तर युरोपियन पद्धतीत तपकिरी पट्टी असते. स्प्रे मारणार असाल तर त्यावर धुळीचा प्री-फिल्टरही हवा. कार्ट्रिज उघडल्यापासून हवेतलं शोषत राहतं, म्हणून काम झालं की घट्ट झिपच्या पिशवीत. मास्कमधे वास यायला लागला की कार्ट्रिज संपलं.

अपवाद नीट वाचा: हार्डनर मिसळून मारायचं टू-पॅक पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. त्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा होऊ शकतो आणि त्याचा वास धोक्याच्या पातळीच्या खूप वर गेल्याशिवाय येत नाही, त्यामुळे "वास आला की बदला" हा नियम तिथे लागू नाही. घरात, बाल्कनीत त्याचा स्प्रे मारूच नका, बूथ आणि बाहेरून हवेचा पुरवठा असलेल्या माणसाला द्या.

१६. एमडीएफ आणि प्लायला वेगळा मास्क लागतो?

धुळीसाठी तोच, पण कडक पाळा. एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक असते, आणि त्यातल्या गोंदामुळे फॉर्मल्डिहाइड वायू निघतो जो एन९५ मधून आरपार जातो. ई१ किंवा ई० ग्रेडचा (हा वायू कमी सोडणारा) बोर्ड घ्या, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. डोळे चुरचुरायला लागले तर हवा कमी आहे असं समजा.

१७. सागवान तेलकट असतं, आणि एन म्हणजे तेलाला चालत नाही ना?

एन म्हणजे तेलाच्या तुषारांसाठी नाही, मशीनच्या कूलंटसारखे हवेत उडणारे थेंब. सागवानाची धूळ तेलकट वाटली तरी ती कोरडी धूळच आहे, एन९५ चालतो. सागवान, शिसव यांची खरी काळजी त्वचेची, घामाबरोबर मास्कच्या कडेखाली धूळ बसली की नाकावर, गालावर पुरळ येतं. मधे मधे तोंड धुवा, मास्कची कड कोरड्या कापडाने पुसा, लांब बाह्या घाला.

१८. जुन्या चाळीतलं दार घासून नवीन करायचंय. एन९५ पुरेल?

जुना ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असण्याची बरीच शक्यता आहे, आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. अशा वेळी पी१०० फिल्टरचा रबरी मास्क, कोरडं घासायचं नाही, पाणी मारून वॉटर पेपरने, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नकोत, कपडे वेगळे धुवा. गाळ्याचा जुना सिमेंटचा पत्रा कापायचा विचार असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, त्याला ग्राइंडर लावूच नका.

१९. व्हॅक्यूम लावलेला सँडर आहे, मग मास्क नको ना?

व्हॅक्यूम पहिला, मास्क नंतर, हे बरोबर, पण मास्क सुटत नाही. सँडरला नळी जोडली की उडणारी धूळ खूप कमी होते आणि मास्कही जास्त टिकतो. व्हॅक्यूमला हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) फिल्टर नसेल तर तो बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो. शेवटी झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

२०. फ्लॅटमधे फर्निचरचं काम चालू आहे, मिस्त्री मास्क लावतच नाहीत. सांगितलं तर हसतात.

हा फोन घोडबंदर आणि खारघरकडून सगळ्यात जास्त येतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण घरमालक दोन महिन्यांनी मोकळा होतो आणि मिस्त्री आयुष्यभर त्याच धुळीत. बंद खोलीत सनमायका ट्रिम करताना पापण्यांवर पांढरा थर बसलेला असतो आणि तोंडाला काही नसतं. तोंडी सांगून होत नाही. स्वतः व्हॉल्व्हवाल्या मास्कचा बॉक्स आणून चहाच्या जागेजवळ ठेवा, सगळे काढून घेतील इतके ठेवा, आणि "काका, हा लावून बघा, दम लागत नाही" म्हणून एकाला स्वतः बसवून द्या. बहुतेकांनी आजवर फक्त पातळ कागदी नाहीतर श्वास कोंडणारा मास्कच लावलेला असतो. गुटखा-तंबाखू खाणाऱ्याला थुंकायला मास्क काढावा लागतो, तो लावणारच नाही असं धरू नका, निदान कटर आणि सँडर चालू असताना लावा एवढंच मागा. कटिंग एकाच खोलीत, दाराला खालपासून ओली चादर, खिडकीत बाहेर फेकणारा पंखा. घरात म्हातारं माणूस किंवा बाळ असेल तर ते दिवस दुसरीकडे राहणं चांगलं.

२१. मला दमा आहे, लाकूडकाम सोडू का?

मास्कमुळे श्वासाला थोडा जोर लागतोच, त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारा, हार्टचा त्रास असेल तरी. सोमवारी-मंगळवारी खोकला वाढतो आणि काम बंद असलेल्या आठवड्यात कमी होतो असं दिसत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कुठलं लाकूड होतं तेही.

२२. घ्यायचा कुठे, आणि खोटा कसा ओळखायचा?

वागळे इस्टेट आणि तुर्भे-महापे एमआयडीसी भागात सेफ्टी शूज, हेल्मेट विकणाऱ्या दुकानांत विचारा, नाहीतर सरळ मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठा. स्टेशनबाहेर ढिगात मिळणारे रंगीत "एन९५" घेऊ नका. अमेरिकन एन९५ वर टीसी-८४ए ने सुरू होणारा नंबर मास्कवरच छापलेला असतो, आणि कानात अडकवायच्या लूपवाल्या मास्कवर तो छापलेला दिसला तर शंका घ्या. आयएसआय मार्कखाली सीएम/एल नंबर असेल तर तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. पहिल्यांदा बॉक्स घेऊ नका, दोन-तीन प्रकारचे एकेक घ्या, तासभर वापरा, मग ठरवा.

२३. कोविडच्या वेळचे एन९५ कपाटात पडलेत, वापरू?

पाकिटावरची तारीख बघा. पट्टा ताणून सोडा, परत आला नाही किंवा चरचरला तर टाका. नाकावरचा फोम चुरा होऊन बोटाला लागत असेल तरी टाका.